शंभरवर चालणारा पेंटियम

माझ्या धाकट्या बहिणीची, सुचेताची, एक गोष्ट तिच्या सासरी फार रंगवून सांगतात. बारसं असो, मुंज असो, चार माणसं पानावर बसली की कोणीतरी सुरू करतंच. सुचेताने घरातला चांगला एकशे तेहतीसचा कॉम्प्युटर उघडला आणि शंभरचा करून ठेवला, अशी ती गोष्ट. सगळे पोट धरून हसतात. सुचेताही तोंडाला पदर लावून हसते. मी हसत नाही, म्हणून त्या घरात मी खडूस ठरले आहे. ठरू दे. जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते सुचेताच्या तोंडून ऐकलंय. त्यांनी त्यांची गोष्ट सांगावी, मी माझी सांगते.

सुचेता मॅट्रिक झाल्याबरोबर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. पुढे तिथे फोटोटाइपसेटिंगचं यंत्र आलं. मालकांनी विचारलं, कोण शिकणार? पुरुष मंडळी एकमेकांकडे बघत बसली, ही उभी राहिली. कॉम्प्युटर आला तेव्हाही हीच. छापलेलं पान हातात धरून ती डोळ्यांपासून लांब नेते, पुन्हा जवळ आणते, आणि मग सांगते, डावीकडे जरा जड झालंय. ती सवय तिची अजून गेलेली नाही. लग्नाची पत्रिका आली तरी ती आधी मुहूर्त वाचत नाही, समास बघते.

अठ्ठ्याऐंशी साली तिचं लग्न झालं आणि ती भाईंदरला आली, जेसल पार्कात. तेव्हा तिथे बिल्डिंगी कमी आणि मोकळी मिठागरं जास्त होती. नवरा शशिकांत गोरेगावच्या एका औषध कंपनीत स्टोअर्समध्ये. वाईट माणूस नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. फक्त त्याचा कणा बोरिवलीला राहतो, त्याच्या थोरल्या भावाकडे. वडील लवकर गेले, गुणवंतरावांनी त्याला शिकवलं, नोकरीला लावलं. ते उपकार शशिकांत फेडत होता, आणि हप्ते मात्र माझ्या बहिणीच्या खात्यातून जात होते. सासूबाई, विमलाबाई, सुचेताकडेच असायच्या. मुलगी इशिता, या गोष्टीच्या वेळी पहिलीत होती.

पंच्याण्णव साली छापखाना बंद पडला. सुचेताला हिशेबाचे पैसे मिळाले. ते तिने बँकेत टाकले आणि भाईंदर स्टेशनजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागली. तिथे मुख्य धंदा झेरॉक्सचा. व्हिजिटिंग कार्डं, केबलवाल्याची पावतीपुस्तकं, शिकवणी वर्गांची पत्रकं, असलं काम. पंख्याखाली मालक बसायचा, कॉम्प्युटरला वेगळा पंखा होता, सुचेताला नव्हता. पुस्तकांची पानं लावलेल्या बाईने दिवसभर "आमच्याकडे गॅस शेगड्या दुरुस्त करून मिळतील" टाइप करायचं. ती कुरकुर करायची नाही. पण सुट्टीच्या दिवशी आली की माझ्याकडचे जुने दिवाळी अंक काढून बसायची आणि पानं उलटत राहायची. मला ते बघवायचं नाही.

अशात शहाण्णवच्या उन्हाळ्यात दादरच्या एका संपादकांचा तिला निरोप आला. त्यांचा दिवाळी अंक वर्षानुवर्षं हिच्याच हातून गेलेला. ते म्हणाले, बाई, घरी मशीन घ्या. गणपतीच्या आत सुरू करता आलं तर अख्खा अंक तुम्हाला देतो, आणि नीट जमलं तर वर्षभर पुस्तकंही देत जाईन. सुचेता माझ्याकडे मीरा रोडला आली ती दारातूनच बोलत. इतकी बोलताना मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. घरी बसून, स्वतःच्या मशीनवर, पुन्हा पुस्तकांची पानं लावायची. तिला दुसरं काही नको होतं.

मशीन कुठलं, तेही तिने ठरवून टाकलं होतं. सेंटरचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला डोंगरीचा वॉरेन नावाचा मुलगा यायचा. डोंगरी म्हणजे उत्तनच्या वाटेवरचं गाव. तिथे घराच्या पडवीत तो सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा, आणि बिघडला तर स्कूटरवरून लगेच हजर व्हायचा. त्याने तिला सरळ सांगितलं होतं, "आंटी, तुमचं काम पानं लावायचं हाय. त्याला मेमरी पायजे. प्रोसेसर फोर एटी सिक्स घ्या, शंभरवाला. वाचलेल्या पैशात मेमरी डबल टाकतो." सेंटरमध्ये ती तसल्याच मशीनवर बसत होती. तिला त्याची खोड न् खोड माहीत होती. पैसे तिचेच होते आणि पुरत होते. चार दिवसांत मशीन घरी आलं असतं.

पण शशिकांत म्हणाला, "दादाला एकदा विचारू या."

गुणवंतराव बँकेत अधिकारी. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. गेले आठवडाभर आणि बोलले जन्मभर. ते रविवारी मुलाला, परागला, घेऊन भाईंदरला आले, सोफ्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "फोर एटी सिक्स? ते मेलंय आता. घ्यायचा तर पेंटियम."

"पण भाऊजी, मला त्यावर सगळं करता येतं," सुचेता म्हणाली.

"आज येतं. उद्याचं काय? वस्तू एकदाच घ्यायची, पण अशी घ्यायची की लोकांनी विचारलं पाहिजे."

मग दर रविवारी बैठक भरायला लागली. गुणवंतराव कॉम्प्युटरची मासिकं घेऊन यायचे. पेंटियम ठरला, तर शंभर मेगाहर्ट्झ वेगाचा की एकशे तेहतीसचा? दुसऱ्या कंपनीचा त्याच वेगाचा स्वस्त मिळतो म्हणे. छे, तो डुप्लिकेट. वास्तविक डुप्लिकेट वगैरे नव्हता, दुसऱ्या कंपनीचा होता एवढंच, पण गुणवंतरावांच्या लेखी जे त्यांनी सुचवलं नाही ते सगळं डुप्लिकेट. शशिकांत मान डोलवायचा. पराग भजी खायचा. सुचेता चहा आणायची आणि कपबशा न्यायची. एका रविवारी मी तिथे होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "गुणवंतराव, जिला वापरायचाय तिला विचारा की."

ते हसले. म्हणाले, "ताई, मिक्सर घ्यायचा असता तर नक्की विचारलं असतं."

शशिकांतही हसला. त्या हसण्याची चीड मला अजून येते.

श्रावण सरला. गणपती आले नि गेले. संपादकांचा एकदा फोन आला, दोनदा आला, मग त्यांनी कथांचा सगळा विभाग दुसरीकडे दिला. सुचेताने विनवण्या केल्या तेव्हा शेवटची पानं तिच्यासाठी ठेवतो म्हणाले. कविता, जाहिराती आणि राशिभविष्य. राशिभविष्यवाले गुरुजी दरसाल उशिराच देतात, त्यामुळे ती पानं दसऱ्यानंतरच हातात येणार होती. अख्ख्या अंकातून तिच्या वाट्याला एवढंच उरलं. तिने तेवढ्यालाही हो म्हटलं.

भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास गुणवंतरावांनी निकाल दिला. पेंटियम, एकशे तेहतीस. त्याच्या किमतीत पैसे इतके संपले की मेमरी निम्मी घ्यावी लागणार होती. वॉरेनकडून घ्यायचा प्रश्नच नव्हता. "पडवीतला माल मी घेत नाही," असं गुणवंतराव म्हणाले. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून घ्यायचा ठरला. आणि कधी घ्यायचा, तर पितृपक्षात.

मला वाटलं, चला, माणूस एका बाबतीत तरी सुधारलेला दिसतोय. कसलं काय. त्यांचं गणित वेगळंच होतं. पितृपक्षात कोणी नवी वस्तू घेत नाही, दुकानं ओस पडलेली असतात, दुकानदार भाव तोडून देतो. जगाच्या अंधश्रद्धेचा फायदा आपण का घेऊ नये? म्हणून त्यांनी आणि शशिकांतने जाऊन कॉम्प्युटर आणला. दुकानदाराने सगळे भाग जोडून एकदा चालू करून दाखवला. पडद्यावर १३३ आकडा आला, गुणवंतरावांनी मान हलवली, खोकी बांधली. खोकी भाईंदरला आली आणि गुणवंतराव म्हणाले, "आता हे दसऱ्याशिवाय उघडायचं नाही. घरात पहिला कॉम्प्युटर येतोय. पूजा करून लावू."

खुद्द विमलाबाई म्हणाल्या, "अरे, मशिनीला कसले पितर बाधतायत? तिचं काम अडलंय ना, लावून टाका."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

मी विचारलं, "मग पितृपक्षात घेतला तो कसा चालला?"

"घेतला कुठे? आणून ठेवलाय. उघडला की घेतला असं होतं."

देवालाही फसवलं आणि दुकानदारालाही फसवलं, अशा समाधानात ते बोरिवलीला गेले. खोकी दिवाणाखाली सरकवली. त्या दिवाणावर बसून सुचेता इशिताची वेणी घालायची आणि सेंटरवर जायची, केबलवाल्याची पावतीपुस्तकं करायला. एकदा तिने शशिकांतला म्हटलं की निदान एकदा लावून बघू या, सगळं ठीक आहे ना तेवढं. तो म्हणाला, दादाला कळलं तर वाईट वाटेल.

दसऱ्याला लावला. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर आपट्याची पानं, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारच्या शहाभाभी आणि वरचे नायर आले होते. बटण दाबलं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, त्यात १३३. गुणवंतरावांनी आकड्यावर बोट ठेवलं. "देखा? वन थर्टी थ्री. पूरे जेसल पार्क में नहीं होगा." तो आकडा क्षणभरच दिसतो, मग जातो. म्हणून नवीन कोणी आलं की ते मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे. त्या दिवशी मशीनने दुसरं कामच केलं नाही. सुचेता पेढे वाटत होती. मधेच तिने कीबोर्डवरची पानं उचलली आणि दोन ओळी टाइप करून पाहिल्या. तिचा चेहरा एवढा उजळला की मी सगळा राग विसरले.

दुसऱ्या दिवशी कवितांची पानं घेऊन ती बसली. अर्ध्या तासात मशीन जागच्या जागी थिजलं. बाण हलेना, अक्षर उमटेना. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. केलेलं पान गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. गुणवंतरावांना फोन केला तर म्हणाले, तुमच्या भाईंदरची हवा खारट, मिठागरांची, मशीनला ती सोसत नाही. मग म्हणाले, व्होल्टेज. मग म्हणाले, सुचेता भराभर बटणं दाबत असेल.

शेवटी रविवारी तिने वॉरेनला बोलावलं. गुणवंतराव होतेच. वॉरेनने कॅबिनेट उघडलं, प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढला, अंगठा फिरवला आणि खिडकीपाशी नेऊन तिरका धरून बघितला.

"अंकल, हा एकशे तेहतीस न्हाय. शंभरचा हाय. वरचं घासून परत छापलंय. बघा, हाताला खरखर लागतं. शंभरच्या चिपला एकशे तेहतीसवर पळवतायत. थोडा वेळ पळतो, तापला की बसतो."

"दुकानात एकशे तेहतीस दाखवलं होतं," गुणवंतराव म्हणाले.

"तुम्ही जे सेट कराल तेच दाखवणार तो. त्याला काय कळतंय? इथे जंपर हाय, तो बदलला की शंभर दाखवेल. शंभरवर मस्त चालेल. आंटीचं काम होईल."

हे ऐकून कोणीही म्हटलं असतं, बदल बाबा. गुणवंतराव लाल झाले. एकशे तेहतीसचे पैसे मोजून शंभरवर का चालवायचा? आणि तू कोण सांगणारा, तुझ्याकडून घेतला नाही म्हणून तुला पोटदुखी. वॉरेनने चिप परत बसवली, स्क्रू पिळले आणि पैसे न घेता गेला. जाताना सुचेताला एवढंच म्हणाला, "बोलवा आंटी, लागलं तर."

मग दोघे भाऊ चिप घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. परत आल्यावर गुणवंतरावांनी जाहीर केलं, "दुकानदाराने माझ्यासमोर चेक केला. ओरिजिनल आहे. तो पोरगा थापा मारतोय." आणि चिप होती तशी बसवायला लावली.

खरं काय झालं ते शशिकांतने सुचेताला स्वयंपाकघरात सांगितलं, आवाज खाली करून. दुकानदाराने चिपकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याने फक्त बिलावरची तारीख बघितली आणि म्हणाला, "साहब, टेस्टिंग का टाइम पंधरा दिन का था. इतने दिन क्या कर रहे थे? बक्सा खोला नहीं?" बक्सा का खोला नाही, ते गुणवंतरावांना तिथे सांगता आलं नाही. दुकानात गिऱ्हाइकं हसत होती म्हणे. "दादाचा फार अपमान झाला," शशिकांत म्हणाला. "तू विषय काढू नकोस."

म्हणजे त्या घरात आता तिघांना ठाऊक होतं की प्रोसेसर शंभरचा आहे. आणि तिघांनाही तो एकशे तेहतीसचा आहे असं धरून राहायचं होतं, कारण गुणवंतरावांनी निवडलेली वस्तू शंभरची असू शकत नव्हती.

सुचेताने विषय काढला नाही. तिने सोमवारी वॉरेनला बोलावलं. त्याने तिला तो जंपर दाखवला. बोर्डावर दोन बारीक पिना, त्यांवर मुगाच्या डाळीएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती उचलून शेजारच्या पिनांवर बसवायची, झालं. मशीन चालू केलं. पडद्यावर १०० आलं. आणि ते चाललं. सकाळी चाललं, दुपारी चाललं, इशिता शाळेतून आली तरी चालत होतं. मेमरी निम्मी असल्यामुळे जाहिरातींची पानं उघडताना कुथायचं, पण थिजायचं नाही. कविता झाल्या, जाहिराती झाल्या, गुरुजींचं राशिभविष्य आलं तेही झालं. सेंटरवरून रजा घेऊन तिने पानं वेळेत दादरला पोचवली.

गुणवंतराव रविवारी यायचे आणि आल्यावर आधी मशीन चालू करून आकडा बघायचे. म्हणून शनिवारी संध्याकाळी ती कॅबिनेट उघडून भुवयांच्या चिमट्याने ती टोपी मूळच्या जागी लावायची आणि सोमवारी सकाळी परत काढायची. रविवारी एकशे तेहतीस, बाकी दिवस शंभर. सोवळं नेसतात ना, तसं रविवारपुरतं. मी तिला म्हटलं, सांगून का टाकत नाहीस? ती म्हणाली, "ताई, काम चाललंय ना? मला आकडा कुठे खायचाय?"

अंक निघाला. श्रेयनामावलीत बारीक टाइपात "अक्षरजुळणी (काही पृष्ठे) : सुचेता राऊळ" असं छापलं होतं. तिने ते पान मला लांब धरून दाखवलं. डावीकडे जड झालंय असं म्हणाली नाही. संपादकांनी तिला एक कादंबरी दिली आणि ती संपत आली की दुसरं पुस्तक देतो म्हणाले. तिने सेंटर सोडायचं मनाशी ठरवलं. मालकाला सांगायचं तेवढं बाकी होतं.

दिवाळीनंतर गुरुनानक जयंती आली. बँकांना सुट्टी. हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मी शिकवते त्या शाळेलाही सुट्टी होती, म्हणून मी तिच्याकडे गेले होते. शशिकांतची दुसरी पाळी, तोही घरी होता. बेल वाजली आणि दारात गुणवंतराव, पराग, आणि सोबत त्यांच्या बँकेतले एक साहेब. साहेबांना मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि गुणवंतराव त्यांना आपली निवड दाखवायला घेऊन आले होते.

सुचेता कादंबरीचं पान लावत होती. तिने ते सेव्ह केलं आणि उठली. तिला काही करता येण्याआधी गुणवंतरावांनी मशीन बंद करून चालू केलं. "हं, आता बघा सर." काळा पडदा, पांढरी अक्षरं. १००.

साहेब भले माणूस असावेत. ते म्हणाले, "शंभरही चांगलाच की." त्याने आणखीच घात झाला. गुणवंतरावांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा १००.

"कोणी हात लावला याला?"

सुचेता पडद्याकडे बघत होती. तेवढ्यात विमलाबाई आतून आल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. "सुचेताच उघडते ना दर शनिवारी आणि सोमवारी. चिमट्याने काहीतरी काढते आणि घालते."

मग जे व्हायचं ते झालं. एकशे तेहतीसचा प्रोसेसर, हिने खुडबुड करून शंभरवर आणला. काय गरज होती? कोणाला विचारलं? मी म्हटलं, "गुणवंतराव, दुकानदार काय म्हणाला होता ते सांगा की या साहेबांना."

ते माझ्याकडे वळलेच नाहीत. ते भावाकडे वळले.

"शशी, तू होतास. काय म्हणाला दुकानदार?"

शशिकांत पाळीवर जायला निघाला होता, डबा हातात होता. सुचेताने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तो डब्याच्या कडीशी खेळत राहिला.

"ओरिजिनल आहे म्हणाला," तो म्हणाला.

मी त्या माणसाला त्या दिवसापासून क्षमा केलेली नाही, आणि करणारही नाही. सुचेताने स्क्रीनकडे पाठ केली आणि साहेबांसाठी पोहे करायला आत गेली. पोहे चांगले झाले होते, असं साहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी टेंपो आला. परागचं बारावीचं वर्ष होतं, पुढे त्याला कॉम्प्युटरलाच घालायचं होतं, आणि इथे तर मशीनची नासाडी चालली होती. बोरिवलीला नेऊन नीट करून घेऊ, तोवर पराग वापरेल, असं ठरलं. कोणी ठरवलं हे विचारू नका. पैसे सुचेताचे होते, हे कोणाला आठवलं नाही, किंवा आठवलं असेल तर घशाखाली गेलं. तिने कादंबरीची फाइल फ्लॉपीवर घेतली आणि दादरला जाऊन परत केली. संपादक हळहळले. त्यांनी पुस्तक दुसरीकडे दिलं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

ती सेंटरवर जातच राहिली. मालकाला सोडून जाते हे सांगायचं राहिलं होतं, ते एका अर्थी बरंच झालं.

मार्चच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी तिच्याकडे होते. फोन वाजला, शशिकांतने घेतला आणि बराच वेळ नुसतं हं हं करत राहिला. मग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, "दादा आहे. परागचं मशीन सारखं बंद पडतंय. अर्धा तास धड चालत नाही. तीन मेकॅनिक आणून झाले. दादा विचारतोय, तुझ्याकडे असताना ते दिवसभर चालायचं, तर तू नक्की काय करायचीस?"

सुचेताने फोन घेतला. पलीकडून गुणवंतरावांचा आवाज मलाही ऐकू येत होता. एरवीसारखा नव्हता, मऊ होता.

"काही नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी बिघडवत होते."

तिने फोन ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि सेंटरवर गेली.